उणे २१ हजार क्विंटल कांदा

सकाळी ७.१५

घरातून निघायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या. पेनड्राइव्हवर आजच्या तासांच्या फायली आहेत ना, आणि लॅबमध्ये वीज आहे ना. दुसरीसाठी लॅब सांभाळणाऱ्या मामांना फोन. "लाइट आहे मॅडम, नेट नाही." नेट नसलं तरी आमचं अडत नाही. लिबरऑफिस कॅल्क सगळ्या मशिनांवर टाकून ठेवलंय, ते फुकट मिळतं आणि जुन्या संगणकावरही बिनातक्रार चालतं.

मी निफाड तालुक्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं कांदा आणि द्राक्षाच्या घरची. मागणी-पुरवठा म्हणजे काय हे त्यांना माझ्या आधी बाजार समितीनं शिकवलेलं असतं. पेपरात मात्र ती पाठ केलेलं लिहितात: दोन रेषा, एक छेदबिंदू, 'स' बिंदूवर समतोल. त्या बिंदूपर्यंत बाजार पोचतो कसा, किती हंगामांत पोचतो, मुळात पोचतो का, हे आकृती सांगत नाही. आकृतीत सगळं आधीच घडून गेलेलं असतं. स्प्रेडशीटमध्ये एक ओळ म्हणजे एक हंगाम धरला, की मागची ओळ भरल्याशिवाय पुढची भरता येत नाही. एवढ्यासाठी मी लॅबच्या तासांसाठी भांडते.

सकाळी ८.००

द्वितीय वर्ष. मुलं बत्तीस, चालू मशिनं सोळा. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं काय करायचं ते तोंडानं सांगायचं, पंधरा मिनिटांनी जागा बदलायच्या. खरं तर मशिनं कमी आहेत हे बरंच आहे. सांगणाऱ्याला वाक्य पूर्ण करावं लागतं, "तिथं ते हे कर" म्हणून भागत नाही.

आजचा विषय कॉबवेब सिद्धांत. शेतकरी मागच्या हंगामाचा भाव बघून यंदाची लागवड ठरवतो, माल येईपर्यंत महिने जातात, आणि आलेला माल ज्या भावाला खपेल तो यंदाचा भाव. हा चढउतार आर्थर हानाऊ यांनी १९२८ मध्ये जर्मनीतल्या डुकरांच्या किमतींत दाखवला होता. नाव दिलं निकोलस काल्डोर यांनी, १९३४ मध्ये. डुकरं म्हटल्यावर वर्ग हसतो, म्हणून लगेच कांद्यावर यायचं.

पहिल्या तीन ओळी वहीत, हातानं. हा नियम मी मोडू देत नाही. समजा मागणी १०० वजा किमतीच्या दुप्पट. किंमत किलोला रुपयांत, माल हजार क्विंटलमध्ये. पुरवठा १० अधिक मागच्या हंगामाची किंमत. मागच्या वर्षी भाव २० होता. मग यंदा माल आला ३०, तो खपायचा तर भाव ३५. पुढच्या वर्षी माल ४५, भाव २७.५०. मग माल ३७.५०, भाव ३१.२५. इथपर्यंत पेन्सिलनं आलं, की मुलांना कळतं की हे ३० च्या आसपास घुटमळतंय. आता मशिन.

शीटच्या माथ्यावर चार सेल पिवळे करायचे. त्यात चार आकडे: मागणीचे दोन, पुरवठ्याचे दोन. त्याखाली हंगामांची यादी. फॉर्म्युल्यात कुठंही आकडा कोंबायचा नाही, सगळे आकडे पिवळ्या सेलमधून आले पाहिजेत. का, ते दुसऱ्याच मिनिटाला कळतं. तिसऱ्या रांगेतल्या जोडीनं पहिली ओळ बरोबर लिहिली, फॉर्म्युला खाली ओढला आणि पडदा शून्यानं भागल्याच्या चुकांनी भरून गेला.

"मॅडम, पहिल्या ओळीत बरोबर आलं होतं."

खाली ओढल्यावर फॉर्म्युल्यातला प्रत्येक पत्ता एकेक घर खाली सरकतो. मागच्या हंगामाचा भाव सरकायलाच हवा. पण मागणीचा उतारही सरकला, रिकाम्या सेलवर जाऊन बसला आणि किंमत काढताना भागायला उरलं शून्य. त्यावर उपाय म्हणजे पत्त्यात डॉलरचं चिन्ह, की तो जागचा हलत नाही. मी फळ्यावर मागणीच्या नियमाची व्याख्या लिहिली, बारावीपासून सगळ्यांना पाठ आहे, आणि 'इतर परिस्थिती कायम असताना' या शब्दांखाली रेघ मारली. हे शब्द मुलं मंत्रासारखे म्हणतात, कारण गाळले तर अर्धा गुण जातो. इतर परिस्थिती म्हणजे नेमकं काय, ती कोण कायम ठेवतं, हे कुणी विचारत नाही. इथं ती डोळ्यांसमोर आहे, चार पिवळे सेल, आणि त्यांना कायम ठेवणारं चिन्ह लावायचं विसरलं तर गणित फुटतं. आता त्या जोडीनं ते लावलं आणि वीस हंगाम सरळ उतरले. आलेखावर रेषा वर-खाली करत तिसावर येऊन टेकली.

मग मी त्यांना पुरवठ्याचा उतार बदलायला सांगते. समतोल तोच राहील असे आकडे मुद्दाम निवडलेत, भाव ३० आणि माल ४०. पुरवठा उणे २० अधिक किमतीच्या दुप्पट केला, की भाव ४०, २०, ४०, २० असा कायम झोके घेत राहतो. उणे ३५ अधिक किमतीच्या अडीचपट केला, की सुटतोच. ४२.५०, मग १४.३८, मग ४९.५३, मग ५.५९. आणि पाचव्या हंगामात पुरवठ्याच्या रकान्यात आलं उणे २१.

वर्ग आधी हसला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "उणे एकवीस हजार क्विंटल कांदा म्हणजे मॅडम, लोकांच्या घरातून परत आणायचा का?"

या प्रश्नासाठीच मी हा आकडा निवडला होता. संगणकाला कांदा माहीत नाही. समीकरण सरळ रेषेचं आहे, रेषा शून्याखालीही जाते, म्हणून तो गेला. पुस्तकातली रेषा अक्षापाशी येऊन थांबते, कारण छापणारा तिथं थांबला. आपल्याला हे शीटला सांगावं लागतं: पुरवठा शून्याखाली जाणार नाही. मॅक्स हा फॉर्म्युला लावला आणि भाव ५० वर आपटून परत खाली येऊ लागला. दोघी मैत्रिणींचा यावरही आक्षेप होता. कांदा अजिबात न लावणारा तालुका त्यांनी पाहिलेला नाही.

खरा आक्षेप आला तो लासलगावजवळच्या एका मुलीकडून. "पण मॅडम, आमचे आजोबा नुसत्या मागच्या भावावर नाही लावत. ते म्हणतात, एका वर्षाच्या भावाला भुलायचं नाही, चार वर्षं धरून चालायचं. उळं किती महाग, विहिरीला पाणी किती, तेपण बघतात."

पाणी आणि उळं, म्हणजे कांद्याचं बी, यांसाठी आणखी सेल लागतील, ते पुढच्या आठवड्यात. पण 'भुलायचं नाही' ही गोष्ट आत्ता घालता येते. मार्क नर्लोव्ह यांनी १९५८ मध्ये साधारण हेच मांडलं. शेतकऱ्याच्या मनात एक अपेक्षित भाव असतो. प्रत्यक्ष भाव वेगळा आला, की तो आपली अपेक्षा पूर्ण नाही, थोडी बदलतो. पाचवा पिवळा सेल: थोडी म्हणजे किती. आम्ही अर्धी धरली. उतार तोच अडीचचा, मघाशी ज्यानं गोंधळ घातला होता. भाव आले ४२.५०, २८.४४, ३०.२०. तिसऱ्या हंगामात सगळं शांत.

कुणी काही बोललं नाही. ती मुलगी पडद्याकडे बघत होती. तिच्या आजोबांच्या हट्टानं एक आख्खा बाजार शांत झाला होता, निदान कॅल्कमध्ये. मी हेही सांगून टाकलं की सेलमध्ये अर्ध्याऐवजी १ घातला, की आजोबा जातात आणि उणे एकवीसवाला बाजार परत येतो. एकाच आकड्याच्या दोन टोकांना दोन स्वभावांची माणसं.

बेल झाली आणि तिनंच उठता उठता विचारलं, "आणि निर्यातबंदी कुठल्या सेलमध्ये टाकायची?"

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा लाल कांदा बाजारात यायला लागला होता. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं होतंच. बंदी उठली ४ मे २०२४ ला, पण निर्यातीवर ४० टक्के शुल्क ठेवून. ते २० टक्क्यांवर आलं सप्टेंबरात आणि पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. या तारखा या वर्गाला माझ्यापेक्षा पक्क्या ठाऊक आहेत. "कुठल्या सेलमध्ये ते तूच ठरव," मी म्हटलं. "फाइल रात्रीपर्यंत पाठव."

सकाळी ९.४५

स्टाफरूम. चहा. एक ज्येष्ठ सहकारी रोजच्यासारखे म्हणाले, "काय मॅडम, अर्थशास्त्र शिकवता की टायपिंग?"

त्यांना मी एकदा सांगितलं होतं की ही वस्तू जन्मली तीच वर्गात. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होते. फळ्यावर तक्ता मांडलेला, एक आकडा बदलला की सर पुढचे सगळे आकडे पुसून नव्यानं लिहीत. हे फळ्याला आपोआप का करता येऊ नये, असं त्यांच्या मनात आलं, आणि १९७९ मध्ये बॉब फ्रँकस्टन यांच्या साथीनं व्हिजिकॅल्क आलं. आणि त्याच्याही तीस वर्षं आधी, १९४९ मध्ये, बिल फिलिप्स यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अख्खी अर्थव्यवस्था पाण्यावर चालवून दाखवली होती. नळ्या, टाक्या, झडपा. कराची झडप फिरवली की उत्पन्नाच्या टाकीतली पातळी हलायची. महागाई आणि बेरोजगारीच्या वक्ररेषेला ज्यांचं नाव आहे, तेच हे फिलिप्स. मूळचे इंजिनियर, न्यूझीलंडचे. त्यांच्या यंत्राला 'प्लंबिंग' म्हणून हिणवणारेही कुणीतरी असणारच, असं मी सरांना म्हणाले होते.

पण सरांचा एक मुद्दा मला मान्य आहे. ज्याला मागणीची रेषा समजलेली नाही तो काहीही खाली ओढत बसेल आणि जे येईल ते उत्तर समजेल. स्प्रेडशीट कधी 'मला माहीत नाही' म्हणत नाही. वहीतल्या तीन ओळींचा नियम त्यासाठीच आहे.

सकाळी १०.३०

प्रथम वर्ष. यांना अजून सिद्धांत नाही, नुसते आकडे. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक आणि भाव मिळतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. एका महिन्याचा तक्ता मी आधीच उतरवून ठेवला होता.

पहिल्या दहा मिनिटांत अर्ध्या वर्गाची बेरीज शून्य आली. आकडे दिसतायत, बेरीज शून्य. कारण कॉपी करताना ते आकडे मजकूर म्हणून आले. ओळखायची खूण: खरा आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या. एवढं बघायची सवय लागली तरी सत्र सार्थकी लागलं म्हणायचं.

मग सुट्टीचे दिवस. अमावस्येला लिलाव बंद ठेवायची लासलगावला जुनी प्रथा होती, रविवार आणि सण वेगळेच. त्या दिवशी भावाच्या रकान्यात काय लिहायचं? काहींनी रिकामं सोडलं, काहींनी शून्य भरलं. ॲव्हरेजचा फॉर्म्युला रिकाम्या सेलला मोजत नाही, शून्याला मोजतो. सहा दिवस १८०० रुपये क्विंटल आणि एक दिवस शून्य, की आठवड्याची सरासरी १५४३. एका शून्यानं अडीचशे रुपये खाल्ले. 'भाव नव्हता' आणि 'भाव शून्य होता' यांत काय फरक आहे हे शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही, पण शीटला सांगावं लागतं हे त्याला आज कळलं.

एक मुलगा तक्रारीच्या सुरात म्हणाला, "पप्पा म्हणतात, पेपरात सरासरी भाव एक असतो आणि आम्हाला मिळतो दुसराच." त्यावर तिथल्या तिथं दोन ओळींचं उदाहरण केलं. एका दिवशी १००० क्विंटल आवक, भाव २०००. दुसऱ्या दिवशी ९००० क्विंटल, भाव १२००. साधी सरासरी १६००. पण बहुतेकांनी माल दुसऱ्या दिवशी विकलाय. समप्रॉडक्ट लावून आवकेचा भार दिला, की सरासरी १२८०. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, आणि चांगला माल यांतला फरक यात अजून आलेलाच नाही. तरी मुलानं तो फॉर्म्युला वहीत दोनदा लिहून घेतला. पप्पांना दाखवायचा असणार.

दुपारी १२.१५

डबा. मामांनी तीन नंबरचं मशिन उघडून धूळ झटकली, चालू झालं.

दुपारी १.००

तृतीय वर्ष. भाराचा मुद्दा सकाळचाच, पण यांच्यासाठी मोठं उदाहरण ठेवलंय. २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी एक निबंध लिहिला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढं गेलं, की देशाची वाढ खुंटते, सरासरी उणे ०.१ टक्का होते, असा निष्कर्ष. ते दिवस युरोपातल्या कर्जसंकटाचे. सरकारी खर्च कापा म्हणणाऱ्या राजकारण्यांनी हा ९० चा आकडा उचलून धरला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्नडन नावाचा विद्यार्थी होता. अभ्यासक्रमात गृहपाठ असा, की एखाद्या प्रसिद्ध निबंधाचे आकडे पुन्हा करून दाखवा. त्यानं हा निबंध घेतला. आकडे जुळेनात. शेवटी लेखकांनीच त्याला आपली एक्सेलची फाइल पाठवली. त्यात सरासरीच्या फॉर्म्युल्यात ३० ते ४९ या ओळी हव्या होत्या, होत्या ३० ते ४४. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश बाहेर राहिले. हर्नडन आणि त्याचे प्राध्यापक मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी २०१३ मध्ये हे मांडलं. त्यांच्या दुरुस्त हिशोबात सरासरी आली २.२ टक्के.

गोष्ट इथपर्यंत सांगितली की मुलं खूश होतात. हार्वर्डच्या प्राध्यापकाला गृहपाठवाल्यानं पकडलं! मला मात्र इथं थांबवत नाही, कारण ओळी सुटल्यामुळे पडलेला फरक एकूण फरकातला छोटा भाग होता. जास्त फरक पडला तो काही वर्षांची माहिती न घेतल्यानं आणि भार देण्याच्या पद्धतीनं. तो हिशोब मी करायला लावते. ९० टक्क्यांवरच्या गटात न्यूझीलंडचं एकच वर्ष धरलं होतं, १९५१, वाढ उणे ७.६. ब्रिटनची १९ वर्षं होती, सरासरी २.४. प्रत्येक देशाला एक मत दिलं, तर दोघांची सरासरी उणे २.६. प्रत्येक वर्षाला एक मत दिलं, तर अधिक १.९.

दोन्ही उत्तरांत फॉर्म्युला बरोबर आहे. वाद आहे तो देश मोजायचे की वर्षं, यावर. ओळी सुटल्याचं राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी मान्य केलं, भाराच्या पद्धतीबद्दल ते आपल्या भूमिकेवर राहिले, आणि त्या पद्धतीच्या बाजूनंही बोलता येतं. १९ वर्षं एकाच देशाची म्हणजे १९ स्वतंत्र पुरावे नव्हेत. वर्गात दोन तट पडले. मी कुणाच्याच बाजूनं निकाल दिला नाही. दोन्ही तटांना आपापलं म्हणणं शीटच्या माथ्यावर एका वाक्यात लिहायला लावलं, फायलीत त्याचे गुण आहेत.

दुपारी २.४५

याच वर्गाचा उरलेला अर्धा तास महागाई निर्देशांकाला. २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत अन्न आणि पेयांचा भार देशासाठी ४५.८६, ग्रामीण भागासाठी ५४.१८, शहरी भागासाठी ३६.२९. पायाभूत वर्ष बदललं की भार बदलतात, रकाना तोच राहतो. समजा अन्न ८ टक्क्यांनी महागलं आणि बाकी सगळं ४ टक्क्यांनी. देशाची महागाई ५.८३, गावाची ६.१७, शहराची ५.४५. मग मुलांनी आपल्या घरचा महिन्याचा खर्च भरला. हॉस्टेलवाल्या एकाच्या घरी अन्नाचा भार ६० च्या वर निघाला. त्याला वाटलं फाइल बिघडलीय. बिघडली नव्हती.

संध्याकाळी ५.३०

आठवड्यातून एकदा गावातल्या बचत गटाकडे जाते. कॉलेजचं काम नाही, पण यांच्यासारखे विद्यार्थी मला दुसरीकडे मिळत नाहीत. गटाचं आपसातलं कर्ज महिना २ टक्क्यांनी, उरलेल्या रकमेवर. वही इतकी नेटकी की ऑडिटवाल्यानं बघत राहावं.

आज प्रश्न बाहेरच्या कर्जाचा होता. एक कंपनीवाला १०,००० रुपये देतोय, वर्षाला १२ टक्के, बारा हप्ते. "मॅडम, गटाचं वर्षाला चोवीस पडतं. हे बारा. मग तेच घ्यावं ना?" अध्यक्ष ताईंनी विचारलं.

लॅपटॉप ओट्यावर ठेवला. हप्ता किती सांगितलाय? ९३३ रुपये ३३ पैसे. म्हणजे १०,००० वर वर्षाचं व्याज १,२००, मिळवून बारानं भागलेलं. बारा ओळी मांडल्या: सुरुवातीची बाकी, व्याज, हप्ता, शेवटची बाकी. व्याजाच्या सेलमध्ये महिना १ टक्का घातला, तर बारा हप्त्यांनंतर बाकी शून्याच्याही खाली गेली, म्हणजे ते जास्त घेतायत. ताईंनीच आकडा सुचवायचा, मी घालायचा. दीड? अजूनही शून्याखालीच. दोन? आता बाकी शिल्लक राहते. पावणेदोन? अगदी जवळ. गोल सीक नावाची सोय हे एका क्षणात करते, पण मी ती मुद्दाम शेवटी वापरली. आला १.७९. म्हणजे वर्षाला साडेएकवीसच्या आसपास.

"बारा म्हणाला होता तो," मागून एक काकू म्हणाल्या.

तो खोटं बोलला नव्हता. त्यानं व्याज पहिल्या दिवसाच्या १०,००० वर वर्षभर लावलं. पण दर महिन्याला मुद्दल परत जातंय, सातव्या हप्त्यानंतर निम्मे पैसेसुद्धा तुमच्याकडे नाहीत, तरी व्याज पूर्ण रकमेचं. याला फ्लॅट रेट म्हणतात. गटाचे दोन टक्के घटत्या बाकीवर आहेत. म्हणजे तुलना बारा आणि चोवीसची नाही, साडेएकवीस आणि चोवीसची. ताई पटकन म्हणाल्या, "आणि गटाचं व्याज गटातच राहतं." हे माझ्या शीटमध्ये नव्हतं. त्यासाठी एक रकाना वाढवला, वर्षाअखेरीच्या वाटणीचा, आणि तो भरताना सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या, कारण कुणाला किती मिळालं होतं हे प्रत्येकीला दुसरीचंच जास्त पाठ होतं.

रात्री ९.३०

फायली तपासणं. बत्तीसपैकी सव्वीस आल्या. तीन फायली एकमेकींच्या झेरॉक्स, फायलीच्या माहितीत पहिल्या मालकाचं नाव तसंच. दोघांनी फॉर्म्युल्यात आकडे कोंबलेत, परत. एकानं भावाचा आलेख गुलाबी केलाय, चालेल.

लासलगावच्या मुलीची फाइल शेवटी उघडली. तिनं सहावा पिवळा सेल केलाय, नाव 'बंदी', आणि प्रत्येक हंगामासमोर ० किंवा १. १ असेल तर मागणीच्या १०० मधून २० जातात. बंदी खर्चात नाही, पुरवठ्यात नाही, मागणीत बसते, हे तिनं बरोबर ओळखलं. बाजार आधी समतोलावर ठेवलाय, भाव ३०, माल ४०. आजोबांचा अर्धा सेल आणि अडीचचा उतार तसाच. एका हंगामात १ घातला, भाव २० वर आला. पुढच्या हंगामात परत ०.

खाली मेसेज: "मॅडम, बंदी काढल्यावर भाव परत ३० यायला पाहिजे ना? माझ्याकडे ३६.२५ येतोय. डॉलरची चिन्हं तीन वेळा बघितली. फॉर्म्युला कुठं चुकलाय?"

मी हातानं करून पाहिलं. भाव २० वर पडल्यावर अपेक्षा ३० वरून २५ वर आली. पंचविसाच्या अपेक्षेनं लागवड झाली २७.५० ची. मागणी पुन्हा पूर्ण १००, माल कमी, भाव ३६.२५.

तिला लिहिलं: "फॉर्म्युला बरोबर आहे. आता भावाचा रकाना सोड, लागवडीचा वाच. आणि उद्या वर्गात सांगायचं की या ३६.२५ साठी शहरातल्या गिऱ्हाइकानं कुणाला बोल लावावा."

दोन मिनिटांत उत्तर आलं. "सांगते मॅडम. पण बंदी परत येईल असं आजोबांना वाटत असेल तर? ते अपेक्षेच्या सेलमध्ये टाकू का वेगळा करू?"

"वेगळा कर," म्हटलं.